सरळ रेषेतील अंतर

वर्गातील भिंतीवरचा नकाशा आणि विद्यार्थ्याच्या हातातील दोरा ही दोन साधने एकत्र आली, की भूगोलाचा तास बहुधा रंगतो. परवा आमच्या शाळेत असेच झाले. नववीतल्या एका मुलाने जगाच्या नकाशाच्या अगदी माथ्यावर, कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांच्या गर्दीत, दोन ठिपके शोधून काढले. एकापाशी ‘रिझोल्यूट’ आणि दुसऱ्यापाशी ‘ग्रीझ फिओर्ड’ अशी नावे होती. दोरा लावून आणि खाली छापलेल्या प्रमाणपट्टीशी ताडून त्याने अंतर काढले, ते दीड हजार किलोमीटरांहून अधिक भरले. शेजारच्या मुलाने घरी वडिलांच्या मोबाइलवर तोच प्रश्न विचारून दुसऱ्या दिवशी वेगळेच उत्तर आणले : सुमारे ३८५ किलोमीटर. इतक्या तफावतीने वर्गात दोन तट पडले आणि निवाड्यासाठी प्रकरण आमच्यापुढे आले.

निवाडा कठीण नव्हता. आमच्या शाळेतला तो जुना नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा आहे. पृथ्वीचा गोल सपाट कागदावर उतरवताना या पद्धतीत ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात आणि पंचाहत्तराव्या अक्षांशाच्या थोडे वर गेल्यावर हा ताण चौपट होतो. नकाशाची प्रमाणपट्टी मात्र विषुववृत्तापुरतीच खरी असते. मुलांना समजावे म्हणून आम्ही संत्र्याचे उदाहरण दिले. संत्र्याची फोड मध्यभागी रुंद असते आणि देठाकडे निमुळती होत जाते. रेखांशांचेही तसेच आहे. विषुववृत्तावर एका रेखांशाची रुंदी १११ किलोमीटर असते. आपल्या इंदुरात ती शंभरांहून थोडी अधिक भरते आणि या दोन गावांच्या अक्षांशावर जेमतेम २८ किलोमीटर उरते. दोन्ही गावांत रेखांशांचे अंतर बारा अंशांचे, म्हणजे पूर्व-पश्चिम सुमारे ३३५ किलोमीटर. अक्षांशांचे अंतर पावणेदोन अंशांहून किंचित कमी, म्हणजे दक्षिणोत्तर सुमारे १९०. आता पायथागोरसाचा सिद्धांत लावा, कर्ण ३८५ च्या आसपास येतो. मोबाइलवाल्याचे उत्तर बरोबर ठरले. इंदुराहून नाशिक पाखराच्या वाटेने जेवढे दूर आहे, त्याहून हे अंतर थोडेसेच अधिक.

तास संपला, मुले पांगली. पण आमच्या मनातून ते दोन ठिपके गेले नाहीत. आकडा बरोबर आला म्हणजे अंतर कळले, असे आपण समजतो. या दोन गावांचा इतिहास वाचला तेव्हा त्या समजुतीला तडा गेला. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

प्रथम त्या सरळ रेषेखाली काय आहे ते पाहू. रिझोल्यूट हे कॉर्नवॉलिस नावाच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. ग्रीझ फिओर्ड एल्समिअर या प्रचंड बेटाच्या दक्षिण टोकाकडे आहे. दोन्ही गावे कॅनडाच्या नुनावुत या प्रांतात येतात. इनुइट लोकांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर हा प्रांत १ एप्रिल १९९९ रोजी अस्तित्वात आला. रिझोल्यूटहून विमान निघाले, की आधी वेलिंग्टनची सामुद्रधुनी लागते, मग डेव्हन बेट आणि शेवटी जोन्स साउंडचे पाणी, जे वर्षातील बहुतेक काळ गोठलेलेच असते. डेव्हन हे पृथ्वीवरील सर्वांत मोठे निर्मनुष्य बेट. त्याच्या मध्यावर, या हवाई रेषेच्या अगदी जवळ, फार प्राचीन काळी आकाशातून कोसळलेल्या अशनीने केलेले वीसएक किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे. तेथील उजाड, थंड व कोरडी भूमी मंगळ ग्रहाशी इतकी मिळतीजुळती आहे, की १९९७ सालापासून शास्त्रज्ञ उन्हाळ्यात तेथे राहून मंगळावर जाण्याची तालीम करतात. शास्त्रज्ञांना ज्या भूमीवर परग्रहाचा भास होतो, ती ओलांडल्याखेरीज एका गावच्या माणसाला दुसऱ्या गावच्या नातलगाच्या दारात पाऊल ठेवता येत नाही.

रस्ता नाही. नुनावुतमधील पंचवीस वस्त्यांपैकी कोणत्याही दोन वस्त्या रस्त्याने जोडलेल्या नाहीत. मालवाहू जहाज उन्हाळ्यात बर्फ हटल्यावर येते आणि वर्षाचे अवजड सामान टाकून जाते. बाकी सारा व्यवहार विमानाचा. ग्रीझ फिओर्डची धावपट्टी खडीची असून सुमारे पाचशे मीटर लांबीची आहे. मागे डोंगर, पुढे समुद्र. तेथे मोठे विमान उतरूच शकत नाही. दोन पंख्यांचे, वीस माणसांच्या आतले ‘ट्विन ऑटर’ जातीचे छोटे विमान तेवढे उतरते. हवा चांगली असली तर दीड तासाच्या आतबाहेर प्रवास होतो. डोंगरावरून वाऱ्याचे झोत सुटले, की गाव डोळ्यांपुढे दिसत असताही वैमानिकाला माघारी फिरावे लागते.

होकायंत्राचीही तेथे फजिती होते. १८३१ साली जेम्स क्लार्क रॉस याला चुंबकीय उत्तर ध्रुव सापडला तो याच द्वीपसमूहाच्या दक्षिणेकडील बूथिया द्वीपकल्पावर. पुढे तो ध्रुव सरकत सरकत याच बेटांमधून उत्तरेला गेला आणि या शतकात सैबेरियाच्या रोखाने निघाला. चुंबकीय ध्रुव इतका जवळ असल्यामुळे सुई आडवी स्थिर होण्याऐवजी खाली खेचली जाते आणि दिशा सांगण्यात चुकते. म्हणून जगात इतरत्र धावपट्ट्यांना चुंबकीय दिशेवरून क्रमांक देतात, तर या भागात ते भौगोलिक उत्तरेवरून दिलेले असतात. तेथे दिशासुद्धा वेगळ्या हिशेबाने मोजावी लागते.

इनुइट लोक स्वतः मात्र अंतर किलोमीटरांत मोजत नसत. अमके ठिकाण किती दूर, या प्रश्नाला ते ‘इतक्या झोपा’ असे उत्तर देत. म्हणजे वाटेत किती रात्री मुक्काम करावा लागेल ते सांगत. वाचकहो, आपल्या भाषेला हा हिशेब परका नाही. ‘मजल दरमजल’ हा शब्दप्रयोग आपण आजही करतो. त्यातली मजल म्हणजे एका दिवसाची वाट, जिच्या शेवटी मुक्काम आहे ती. हे माप माणसाच्या पायांना व प्राण्याच्या दमाला धरून बनलेले असते. वाट चढणीची असली तर मजला वाढतात, सोबत म्हातारे माणूस असले तरी वाढतात. सरळ रेषेला यातले काहीच ठाऊक नसते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. ही दोन गावे तेथे वसली कशी? इनुइटांचे दूरचे पूर्वज शतकांपूर्वी या बेटांवर राहून गेल्याच्या खुणा सापडतात. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे वस्ती उरली नव्हती. रिझोल्यूटला १९४७ साली कॅनडा व अमेरिका यांनी मिळून एक हवामान केंद्र उघडले होते, एवढेच. १९५३ साली कॅनडा सरकारने हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील इनुकजुआक येथील काही इनुइट कुटुंबांना उत्तरेस हलवण्याचे ठरवले. तिकडे शिकार विपुल आहे, येथे उपासमार होते, तिकडे जीवन सुखाचे होईल, असे त्यांना सांगण्यात आले. न रुचल्यास दोन वर्षांनी परत आणू, असेही वचन देण्यात आले. नव्या प्रदेशातील जगण्याची रीत शिकवावी म्हणून बॅफिन बेटाच्या उत्तरेकडील पाँड इनलेटची काही कुटुंबे त्यांच्या जोडीला घेतली. १९५३ व १९५५ मिळून नेलेल्या माणसांची संख्या नव्वदच्या आसपास होती.

इनुकजुआकपासून नव्या जागेपर्यंत अंतर दोन हजार किलोमीटर. इनुकजुआकला हिवाळ्यातही रोज सूर्य उगवतो. उन्हाळ्यात झुडपांना बोरांसारखी फळे धरतात, पक्ष्यांची अंडी मिळतात, नदीत मासे असतात. ग्रीझ फिओर्डच्या परिसरात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मावळलेला सूर्य फेब्रुवारीतच तोंड दाखवतो. अशा अंधाराची कल्पना त्या माणसांना कोणी दिलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगितलेली नव्हती. आपण सारे एकत्र एकाच ठिकाणी राहणार, या समजुतीने ती जहाजावर चढली होती. ‘सी. डी. हाव’ हे सरकारी जहाज ऑगस्टच्या अखेरीस एल्समिअर बेटाजवळच्या क्रेग हार्बरला पोहोचले, तेव्हा त्यांना कळले की तसे होणार नाही. काही कुटुंबे येथे उतरणार, काही रिझोल्यूटला जाणार. वाटणी झाली. भाऊ इकडे, भाऊ तिकडे. जॉन अमागोआलिक हे त्या वेळी पाच-सहा वर्षांचे बालक होते. पुढे ते इनुइटांचे नेते झाले आणि त्यांना ‘नुनावुतचे जनक’ म्हणून ओळखू लागले. ही वाटणी ऐकताच जहाजावरच्या बायका रडू लागल्या आणि कुत्रीही विव्हळू लागली, अशी आठवण त्यांनी अनेकदा सांगितली आहे.

आमच्या विद्यार्थ्याने दोऱ्याने मोजलेले अंतर ते हेच. ते निसर्गाने घातलेले नाही. एका दुपारी, जहाजाच्या डेकवर, एका यादीने ते निर्माण केले. त्या यादीपूर्वी या माणसांमध्ये अंतर होते ते एका तंबूपासून दुसऱ्या तंबूपर्यंतचे.

पहिला हिवाळा त्यांनी कापडी तंबूंत व पुढे बर्फ योग्य झाल्यावर बर्फाच्या घरांत काढला. झाड म्हणून तेथे नाही, त्यामुळे लाकूड नाही. रिझोल्यूटच्या कुटुंबांनी पुढे तळावरच्या उकिरड्यात टाकलेल्या फळ्या वेचून झोपड्या उभ्या केल्या. काही किलोमीटरांवर ऊबदार इमारतींत दिवे जळत होते. क्रेग हार्बरला उतरलेल्या मंडळींची वस्ती पुढे काही वर्षांनी आजच्या ग्रीझ फिओर्डच्या जागी स्थिरावली. लॅरी आउडलालुक हे त्या मंडळींतले एक. आले तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते. त्यांचे वडील नामांकित शिल्पकार. ते नव्या भूमीवर आल्यावर वर्षभराच्या आतच वारले. पुढे लॅरींनी त्याच गावात आयुष्य काढले आणि २०२० साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले.

याच कहाणीला एक विलक्षण उपकथा आहे. रॉबर्ट फ्लाहर्टी या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा मूकपट १९२२ साली जगभर गाजला. बर्फातील शूर व हसतमुख इनुइट शिकारी जगाने प्रथम पाहिला तो या चित्रपटात आणि त्याचे चित्रण झाले होते इनुकजुआकच्याच परिसरात. फ्लाहर्टीला तेथील एका इनुइट स्त्रीपासून झालेला मुलगा, जोसेफी, १९५५ साली कुटुंबासह ग्रीझ फिओर्डला नेला गेला. पित्याने ज्यांचे हसू जगाला दाखवले, त्यांच्यातच त्याचा पुत्र होता. आणि त्यांना उचलून अंधारात नेले तेव्हा पाहायला कोणताही कॅमेरा नव्हता.

दोन वर्षांचे वचन पाळले गेले नाही. परत जाऊ इच्छिणाऱ्यांना ना वाहन मिळाले, ना उत्तर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सरकारी खर्चाने काही कुटुंबे इनुकजुआकला परतली. परंतु तोवर तीस-पस्तीस वर्षे लोटली होती. मुलांची लग्ने उत्तरेत झाली होती, नातवंडे तेथे जन्मली होती, वडीलधाऱ्यांच्या कबरी तेथे होत्या. जे परतले त्यांना मुले मागे ठेवावी लागली. म्हणजे पहिली ताटातूट भरून काढताना दुसरी झाली.

सरकारने हे का केले, यावर कॅनडात मोठा वाद झाला. तत्कालीन अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की हेतू उपकाराचाच होता, इनुकजुआकला शिकार पुरत नव्हती. दुसरी बाजू अशी, की शीतयुद्धाच्या त्या काळात निर्मनुष्य बेटांवर आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कॅनडाला तेथे माणसे हवी होती. झेंडा रोवण्याच्या खांबाऐवजी माणसे रोवली गेली. आदिवासी जनतेच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या राजकीय आयोगाने १९९३ साली या लोकांच्या साक्षी ऐकल्या आणि १९९४ साली स्वतंत्र अहवाल दिला. खरी संमती घेतली गेली नव्हती आणि सार्वभौमत्वाचा विचार या निर्णयामागे होता, असा आयोगाचा निष्कर्ष होता. १९९६ साली एक कोटी डॉलरांचा निधी देण्यात आला, पण क्षमा मागितली गेली नाही. ती पुढे १८ ऑगस्ट २०१० रोजी इनुकजुआक येथे मंत्री जॉन डंकन यांनी सरकारच्या वतीने मागितली. जहाज निघाले होते त्याला तेव्हा सत्तावन वर्षे झाली होती.

त्या गावांची नावेही पाहण्यासारखी आहेत. ‘रिझोल्यूट’ हे उत्तरेत हरवलेल्या फ्रँकलिनच्या शोधार्थ निघालेल्या एका इंग्रज जहाजाचे नाव. ‘ग्रीझ फिओर्ड’ हे नाव ऑटो स्वेर्ड्रुप याच्या नॉर्वेजियन मोहिमेने दिले. समुद्राच्या त्या चिंचोळ्या फाट्यात वॉलरसांचा आवाज डुकरांच्या ओरडण्यासारखा वाटला, म्हणून तो ‘डुकरांचा फाटा’. तेथे नेलेल्या माणसांनी मात्र आपल्या गावांना आपल्या भाषेत नावे दिली. रिझोल्यूटला ‘कौसुइत्तुक’, जेथे पहाट होत नाही ती जागा. ग्रीझ फिओर्डला ‘आउयुइत्तुक’, जेथे बर्फ कधीच वितळत नाही ती जागा. या दोन नावांत त्यांची सारी फिर्याद आली आहे.

आज काय स्थिती आहे? २०२१ च्या शिरगणतीनुसार रिझोल्यूटची लोकसंख्या १८३ आणि ग्रीझ फिओर्डची १४४. आपल्याकडची एखादी दोन मजली चाळही याहून गजबजलेली असते. गावात शाळा आहे, दुकान आहे, परिचारिका असलेले आरोग्य केंद्र आहे. प्रसूती मात्र गावात होत नाही. दिवस भरत आले, की गर्भवतीने काही आठवडे आधीच विमानाने रिझोल्यूटमार्गे इकालुइत या राजधानीला जायचे. रिझोल्यूटपासूनच ती दीड हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. बाळंतपण म्हटले की आपल्याकडे माहेर, आई, शेगडी, डिंकाचे लाडू डोळ्यांपुढे येतात. तेथील स्त्रीला नेमक्या त्याच वेळी घर सोडावे लागते आणि परतीचा दिवस पुन्हा वाऱ्याच्या हाती.

आणि तरीही ती गावे ओस पडली नाहीत. ज्यांना आज्ञेने नेले, त्यांच्या मुलानातवंडांनी ती भूमी आपली केली. समुद्रातील सील, नार्व्हाल, कस्तुरीबैल यांच्या वाटा त्यांनी शिकून घेतल्या. आज ग्रीझ फिओर्ड आपले गाव आहे, असे सांगताना तेथील माणसाला अभिमान वाटतो. हा अभिमान खरा आहे आणि झालेला अन्यायही खरा आहे; एकाने दुसरा पुसला जात नाही.

आपणही महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे आहोत. होळकरांच्या, शिंद्यांच्या, गायकवाडांच्या काळात कोणी शिलेदारीच्या निमित्ताने, कोणी कारकुनीच्या, कोणी भिक्षुकीच्या निमित्ताने पूर्वज आले आणि येथलेच झाले. आपली तुलना त्या इनुइट कुटुंबांशी करणे उद्धटपणाचे होईल. आपले पूर्वज बव्हंशी आपल्या बेताने निघाले होते, बैलगाडीचे तोंड वळवण्याची मुभा त्यांना होती आणि मागे राहिलेल्या भावाकडे जाणारी वाट पायांखाली होती. मुभा असणे आणि नसणे यांतच सगळा फरक आहे. तरी एवढे मात्र आपल्याला कळू शकते, की मूळ गावापासूनचे अंतर रेल्वेच्या वेळापत्रकात सापडत नाही. ते लग्नपत्रिका वेळेवर पोहोचली की नाही, शेवटच्या दर्शनाला जाता आले की नाही, यावर ठरते.

म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा तो विषय काढला आणि आपला निवाडा थोडा दुरुस्त केला. ३८५ हे उत्तर बरोबरच आहे, परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतील. परंतु उत्तर लिहून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारायची सवय ठेवा : हे अंतर कोणी पाडले, आणि ते कापायला माणसाला काय पडते? मग त्यांना एक गोष्ट सांगितली, तीच येथे सांगून रजा घेतो.

२०१० साली, क्षमायाचनेनंतर, दोन्ही गावांत स्मारके उभारली गेली. दोन्ही तेथील इनुइट शिल्पकारांनीच दगडात घडवली. ग्रीझ फिओर्डचे स्मारक लूटी पिजामिनी यांचे. त्यात एक स्त्री आहे, जवळ लहान मुलगा आणि एक कुत्रा. रिझोल्यूटचे सिमिओनी अमागोआलिक यांचे. त्यात एकटा पुरुष उभा आहे. स्त्रीचे तोंड रिझोल्यूटच्या दिशेला आहे आणि पुरुषाचे ग्रीझ फिओर्डच्या. मध्ये जोन्स साउंड, डेव्हन बेट आणि वेलिंग्टनची सामुद्रधुनी.

नववीतल्या त्या मुलाने हे ऐकून घेतले, उठून नकाशापाशी गेला आणि कालचा दोरा दोन ठिपक्यांवर पुन्हा एकदा धरून पाहिला. या वेळी त्याने आकडा विचारला नाही.